एकट्याचा उजेड

मिनलबेन कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. समोरच्याच दाराच्या, मूळच्या भावनगरकडच्या, आणि गेली बावीस वर्षं नवघरच्या या तिसऱ्या मजल्यावर रेवाळ्यांच्या शेजारी. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्यांनी बेल वाजवली आणि समिधाच्या हातात एक स्टीलची वाटी दिली. वाटीत सुखडीचे, म्हणजे गूळपापडीचे, दोन तुकडे. "ये तुम्हारी प्लॅनेटवाली वाटी. कब से मेरे पास पड़ी थी. मम्मी संडे को जा रही है ना, तो सोचा दे दूँ," असं म्हणून त्या आल्या तशा गेल्या. समिधा दारातच उभी राहिली. एरवी तिने वाटी नेऊन सरळ ओट्यावर ठेवली असती. पण दहाच मिनिटांपूर्वी आलेली एक ई-मेल आतल्या टेबलावर उघडी होती, आणि वाटीच्या काठाखाली गोल फिरणारी बाबांची कोरीव अक्षरं आता तिच्याच्याने वाचवेनात. 'समिधाचा ग्रह, पृथ्वीच्या १.३ पट, संक्रांत २०२३.' सुखडी गरम होती, वाटी हाताला चटके देत होती, तरी ती तशीच धरून उभी राहिली.

ई-मेल चार ओळींची होती. चिलीतल्या एका मोठ्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाने पाठवलेली. तुझा तारा एकटा नाही, असं त्याने लिहिलं होतं. सोबत चित्र जोडलंय, वाईट वाटतंय, पण दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला कळावं. चित्रात काळ्यावर दोन पांढरी टिंबं, एकमेकांना जवळजवळ चिकटलेली, सारख्याच तेजाची. आजवर ज्याने ज्याने पाहिलं त्याला तिथे एकच टिंब दिसलं होतं, आणि समिधानेही एकच धरलं होतं. एकच धरून तिने त्या टिंबाचं माप घेतलं, ते माप छापून आलं, त्याच्यावर लोकांनी पुढची गणितं केली, आणि इथे भाईंदर पूर्वेला एकावन्न वाट्यांवर ते स्टीलमध्ये कोरलं गेलं. छापलेलं दुरुस्त करायची रीत असते. चार ओळींचं निवेदन द्यायचं, खाली आपलं नाव घालायचं आणि महिनाभर मान खाली घालून वावरायचं. वाट्यांचं काय करतात, ते कुठल्या विद्यापीठात शिकवलेलं नव्हतं.

तिचं काम ताऱ्यांची मापं घेण्याचं. ज्या ताऱ्यांभोवती ग्रह सापडलेत त्यांचं तापमान, वस्तुमान, घेर, वय. ग्रह शोधणारे वेगळे. त्यांची नावं वर्तमानपत्रात येतात. मापं घेणाऱ्यांना कुणी विचारत नाही, पण त्यांच्यावाचून कुणाचं चालतही नाही, कारण ग्रह दिसतच नाही. तो आपल्या ताऱ्यासमोरून सरकतो तेवढे काही तास ताऱ्याचा उजेड जरासा उतरतो. समिधाच्या ताऱ्याचा उतरायचा दहा हजारांत तीन भाग. तेवढ्या उतारावरून ग्रहाचा आकार काढायचा, आणि तो काढायचा तर आधी तारा केवढा ते ठाऊक हवं. हे सगळं तिने बाबांना फोनवर सांगितलं होतं. तेव्हा ती बंगळूरला होती. बाबा, म्हणजे काशीनाथ रेवाळे, यांनी तीस वर्षं केबिन रोडला जितेशभाईच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घातली. लग्नाचे डबे, बारशाचे पेले, वास्तुशांतीच्या परातींवर देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, तारीख. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे भांड्याचा घेर कळल्याशिवाय नाव केवढं बसेल ते कळत नाय. तसंच ना?" समिधा म्हणाली, तसंच. "मग भांडं तू मोजलंस, नाव दुसऱ्याचं." हो बाबा. "ते काय नाय. तू मोजलास म्हणजे तुझा." आणि पुढच्या संक्रांतीला आईच्या हळदीकुंकवाचं वाण म्हणून पन्नास सवाष्णींना पन्नास वाट्या गेल्या, एक घरात राहिली, तीच ही. हळदीकुंकवाला सुट्टी काढून आलेली समिधा प्रत्येकीला सांगत होती, काकी, ग्रह मी शोधलेला नाही हो, मी फक्त त्याचा तारा मोजलाय. काकी म्हणायच्या, असू दे गं, किती छान अक्षर आलंय.

आत येऊन तिने वाटी लॅपटॉपशेजारी ठेवली. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. आई, मनोरमा, माळ्यावरची भांडी उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळत होती. येत्या रविवारी पराग पुण्याहून गाडी घेऊन येणार होता, आईला वाकडला न्यायला. जानेवारीत समिधा दोन वर्षांसाठी जर्मनीला जाणार, हा फ्लॅट भाड्याने द्यायचा, आई परागकडे राहणार, असं भावाबहिणीने मिळून ठरवलं होतं. आईला विचारलं होतं. आई म्हणाली होती, तुम्हाला सोयीचं असेल ते करा. आणि आज संध्याकाळी पाचला जितेशभाई बाबांचं भांड्यांवर नावं घालायचं मशीन घ्यायला येणार होते, कारण वाकडला ते नेऊन करायचं काय? सगळं नीट जुळून आलं होतं. समिधाला अशा जुळून येण्याचा आनंद व्हायचा, आकडेमोडीत होतो तसा. आई सावरली आहे, तिचं इथे काही अडकलेलं नाही, ती कुठेही राहू शकेल, हे गृहीत धरलं की बाकी सगळं आपोआप सुटत जायचं.

आई सावरली आहे याचा पुरावा समिधाकडे होता, आणि तो तिला कधी आवडला नव्हता. चौदा महिन्यांपूर्वी बाबा गेले. अँब्युलन्स काशीमीऱ्याला ट्रकांच्या गर्दीत वीस मिनिटं उभी होती. आई बाबांचा हात धरून बसली होती आणि हात गार पडल्यावरही पुढच्या ड्रायव्हरला तेवढ्याच शांत आवाजात म्हणाली, आता घाई करू नका. समिधा विमानाने पोचली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि आई कुणाला चहा मिळाला नाही ते बघत होती. आई रडली नाही. अग्नी देऊन पराग परत आला तेव्हा नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. गुहागरकडून आलेली मंदाआत्या जिन्यात कुणाला तरी म्हणाली, वहिनी भारीच घट्ट हो, आणि ते समिधाच्या कानावर पडलं. तिला राग आला तो आत्याचा नाही, आईचा. चौतीस वर्षांच्या संसाराला एवढाच उतार? त्यानंतर समिधा मुंबईतल्या संस्थेत नोकरी घेऊन इथेच राहायला आली, आईला सोबत म्हणून, आणि वर्षभर रोज बघत राहिली. आई सहाला उठायची, दारात रांगोळी घालायची, डबा भरायची, दुपारी पडायची, संध्याकाळी नवघरच्या तळ्यापर्यंत चालून यायची. नंतरच्या संक्रांतीला तिला कुठून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. फक्त मिनलबेन बोलवायला आल्या, त्यांना ती म्हणाली, इस बार नहीं. म्हणाली तीही साधंच, सर्दी झाल्यावर म्हणतात तसं. समिधाने मनातल्या मनात माप घेऊन टाकलं होतं. थोडंसं दुःख, सोसण्यासारखं, त्यावर उभं राहता येईल असं.

दुपारची जेवणं उरकल्यावर तिने जुनी फाइल उघडली. चूक कुठे झाली ते ठाऊक असूनही माणूस तिथे पुन्हा जातो. ताऱ्याचा घेर तिने दोन रीतींनी काढला होता. एक, त्याचा प्रकाश रंगांत फाकवून. दुसरी, तो किती तेजस्वी दिसतो आणि किती लांब आहे यावरून. दोन्ही रीतींनी एकच उत्तर यायला हवं, आणि ते आलं नव्हतं. दुसऱ्या रीतीने तारा त्याच्या मापाच्या मानाने जवळजवळ दुप्पट उजळ निघत होता. हे तिला दिसलं होतं. फाइलीत तिच्याच हातची नोंद होती, उजेड जास्त येतोय, अंतराचं माप खात्रीचं नाही, अंतरात चूक असावी. असावी. त्या एका शब्दाने तिने दुप्पट उजेडाची बोळवण केली होती. दोन तारे असतील, दुसरा पहिल्याच्या इतका जवळ असेल की वेगळा दिसणार नाही, आणि पहिला झाकोळला तरी दुसरा तसाच जळत राहील, त्यामुळे झाकोळ आहे त्याच्या निम्माच वाटेल, हे विद्यार्थ्यांना ती पहिल्याच आठवड्यात शिकवायची. स्वतःच्या ताऱ्यावर आल्यावर तिला सुचलं नाही, कारण तिला तो एकटा हवा होता. एकटा असला की ग्रह लहान राहत होता, दगडाचा राहत होता, बाबांना सांगण्यासारखा राहत होता. आता झाकोळ दहा हजारांत तीन नाही, सहा भाग. ग्रह पृथ्वीच्या एक पूर्णांक आठ पट. एवढ्या ग्रहाला बहुधा जमीन नसते. जाड वायूच्या खाली काय असतं ते कुणाला माहीत नाही.

एवढा उजेड एकट्याचा कसा असेल, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं, असं ती पुटपुटली, आणि वाटी उचलून बोटांत फिरवायला लागली. हाताला काहीतरी हवं म्हणून. वाटी बोटांत फिरताना तिच्या डोळ्यांपुढे त्याच संक्रांतीची सकाळ आली. बाबा खुर्चीत बसलेले, आई त्यांना चहा देतेय, आणि बाबांच्या हातातल्या बशीवर कप टकटक टकटक वाजतोय. चहा लेंग्यावर सांडला. कंपवात तेव्हा चांगलाच वाढला होता. समिधा ओल्या फडक्याने लेंगा पुसत होती आणि समोर टीपॉयवर एकावन्न वाट्या चळत लावून ठेवलेल्या होत्या, अक्षर न् अक्षर सरळ. तेव्हाही ते तिला खटकलं होतं. या हाताने हे अक्षर? आणि तेव्हाही तिने उत्तर देऊन टाकलं होतं, तीस वर्षांची सवय आहे, कामाला लागला की हात थरथरत नसेल. नसेल. समिधाने वाटी खाली ठेवली. मग उठली आणि गॅलरीत गेली. तिथे पत्र्याच्या पेटीत बाबांचं मशीन जितेशभाईंसाठी बांधून ठेवलेलं होतं, जाडजूड पेनासारखं, मागे वायर, पुढे टोक. पेटीतच बाबांचं भिंग होतं. ते घेऊन ती खिडकीच्या उजेडात बसली.

माळ्यावरच्या भांड्यांतली एक कळशी आईने दाराशी ठेवली होती, समिधाच्या बारशाची, बाबांनी स्वतः नाव घातलेली. भिंगाखाली तिच्यावरची अक्षरं खोल होती, घाईची, टोक जिथे थांबलं तिथे खड्डा पडलेला. बाबांची रीत तिला ठाऊक होती. लहानपणी शाळेतून येताना पायरीवर बसून तिने तासन्‌तास पाहिली होती. ते भांडं मांडीवर फिरवायचे, मशीन चालू करायचे आणि लिहीत सुटायचे, कागदावर लिहावं तसं. आता तिने वाटी भिंगाखाली धरली. अक्षरं उथळ होती आणि सारख्या दाबाची. प्रत्येक अक्षराच्या खाली, नखाने खरवडल्यासारखे, पुसून टाकायचा प्रयत्न केलेले बारीक बारीक ठिपके होते. एकमेकांपासून सारख्या अंतरावर, वाटीच्या पोटाभोवती एक ओळ वर, एक खाली. आधी ठिपके मांडायचे, मग ते जोडत जायचं. दारातली रांगोळी अशी घालतात. या घरात तशी रांगोळी घालणारं माणूस एकच होतं.

"आई," समिधाने हाक मारली. आई हाताला वर्तमानपत्राची शाई लागलेली तशीच बाहेर आली.

"ही वाटी कुणी कोरली?"

"बाबांनी."

"आई."

आईने तिच्या हातातलं भिंग पाहिलं. मग खुर्ची ओढून बसली. "कोण बोललं तुला? जितेश?"

"कुणी नाही. ठिपके दिसले."

"पुसायचे राहिले असतील," आई म्हणाली. "एकावन्न होत्या."

हे ती इतक्या सहजपणे म्हणाली की समिधाला काही क्षण हसावं की काय करावं ते कळेना. आई पदराला हात पुसत राहिली, शाई पदराला लागतेय हे तिच्या लक्षात नव्हतं. मग तिने थोडं थोडं सांगितलं, विचारलं तेवढंच. बाबांचा हात ते जाण्याच्या पाच वर्षं आधीच निकामी व्हायला लागला होता. एका लग्नाच्या डब्यावर नवऱ्यामुलीचं नाव वेडंवाकडं आलं, गिऱ्हाइकाने दुकानात चार माणसांसमोर डबा आपटला, आणि बाबा मशीन घेऊन घरी आले ते पायरीवर परत बसलेच नाहीत. ऊन लागतं म्हणून घरी काम करतो, असं सगळ्यांना सांगितलं. त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने एका फुटक्या पेल्यावर ठिपके मांडून बघितले. महिन्याभरात जमलं. जितेशभाईकडून भांड्यांची पिशवी यायची, बाबा आतल्या खोलीत बसून कागदावर नावं नीट लावून द्यायचे, शुद्ध-अशुद्ध बघायचे, आणि आई दुपारी तीन ते पाच गॅलरीचं दार लावून ती भांड्यांवर घालायची.

"जितेशभाईंना माहीत होतं?"

"त्याला पहिल्या पिशवीलाच कळलं. दुकानदार आहे तो. पण बोलला नाही कधी. 'काशीनाथभाई को दे देना' असंच म्हणायचा, शेवटपर्यंत."

"आणि मला?"

"तू फोन केलास की बाबांना विचारायचीस, आज किती नावं घातली. ते सांगायचे, वीस, पंचवीस. तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होतास तू. मला काय, नाव माझं काय नि त्यांचं काय. माझं नाव तर घरातल्या प्रत्येक भांड्यावर होतंच, त्यांच्या नावाच्या मागेपुढे."

समिधा वाटीकडे पाहत राहिली. पाच वर्षं या घरातून जेवढा उजेड बाहेर गेला तो सगळा तिने एकाच्या नावावर लिहिला होता. आईला तिने कधी मोजलंच नव्हतं. आई म्हणजे बाबांच्या आसपासचं काहीतरी, डबा, रांगोळी, चहा. बाबा गेल्यावर पिशव्या थांबल्या तेव्हाही तिला ते साहजिकच वाटलं, काम करणारा गेला, काम थांबलं. जितेशभाईने तेराव्यानंतर पिशवी पाठवली नाही, आणि पाठवणार तरी कुणाच्या नावाने? आईचा नवरा गेला आणि आईचं काम गेलं, एकाच दिवशी, आणि दुसरं गेल्याचं तिला कुणाला सांगताही येईना, कारण ते तिचं होतं हेच कुणाला माहीत नव्हतं. समिधाला माफी मागावी असं वाटलं आणि कशाकशाची मागावी ते ठरेना.

"तुझं काय झालं पण?" आईने विचारलं. "सकाळपासून तोंड उतरलंय."

समिधाने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "माझा तारा एकटा नाही. हे बघ, दोन आहेत. मी दोघांना मिळून एकच समजले."

आईने चष्मा चढवून ती दोन टिंबं बराच वेळ बघितली. "मग वाटीवरचं?"

"चुकलं."

"एकावन्नपण?"

"सगळ्या."

"बरं झालं बाई ते नाहीत," आई म्हणाली. "घरोघर जाऊन वाट्या मागत फिरले असते." आणि हसली. समिधाही हसली. दोघी हसल्या आणि दोघींचं हसणं एकदमच थांबलं. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी हिंदीत भांडत होतं, मिनलबेनच्या घरात कुकरची शिट्टी झाली. "केवढा आहे मग तो?" आईने विचारलं.

"एक पूर्णांक आठ. मी लहान मोजला, आई. एकावर सावली पडली तरी दुसरा जळतच होता ना, त्यामुळे उजेड फारसा कमी झालेला दिसलाच नाही. मला वाटलं, एवढीशी सावली आहे." मग जे चौदा महिने विचारलं नव्हतं ते तिच्या तोंडून बाहेर पडलं. "तू रडली का नाहीस गं?"

आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला. राग आला असेल असं समिधाला वाटलं, पण आई आठवून बघत होती. "रडायचे की," ती म्हणाली. "मशीन चालू असलं की रडायचे. त्याचा आवाज एवढा की आतल्या खोलीत काही ऐकू जायचं नाही. तुझ्या बाबांना हाताने घास नीट उचलता येईना, तेव्हा मी त्यांच्यासमोर रडून कसं चालेल? मग दुपारी दार लावायचं, मशीन लावायचं आणि काम करता करता रडून घ्यायचं. पाच वर्षं रडले मी. हात नाही हलायचा हां, सवय झाली होती. तुझ्या वाट्यांवरपण रडलेय, त्या आठवड्यात ते बाथरूममध्ये पडले होते, तुला कळवलं नव्हतं." ती गॅलरीकडे बघत होती. "ते गेले आणि पिशवी यायची बंद झाली. घर कसं गप्प झालं. त्या गप्प घरात मला रडायलाच येईना. आधी माणसं होती, मग तू आलीस. तू निम्मे दिवस इथे लॅपटॉप घेऊन बसलेली, दारापलीकडे मिनलबेन. म्हटलं, होईल कधीतरी. मग राहूनच गेलं."

घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी होती. समिधाला जे जे गृहीत धरलं होतं ते एकेक दिसायला लागलं, आई सावरली आहे, आईचं इथे काही अडकलेलं नाही, आई कुठेही राहील. वाकडला परागचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर, त्याची बायको रुचिता घरून काम करते, बाळ दुपारी तीन ते पाच झोपतं. तिथे आई पाय न वाजवता चालेल. विचारलं की म्हणेल, मजेत आहे. आणि मशीन केबिन रोडवर दुसऱ्या कुणाच्या तरी हातात चालत असेल. ही व्यवस्था आपण केली, भावाबहिणीने बसून, प्रेमाने केली, आणि एकाही आकड्याला आपल्याला शंका आली नाही.

"आण ती वाटी," आई म्हणाली.

"कशाला?"

"आकडा दुरुस्त करते. पन्नास नाही मागता येणार, घरातली एक तरी नीट असू दे. एक टिंब आठ ना?"

"स्टीलवरचं पुसत नाही, आई."

"पुसतेय कोण? खाली लिहीन. भाजीवाल्या सुलूच्या डब्यावर नाही का, पोराचं नाव बदललं तेव्हा तसंच केलं होतं." तिने वाटीतली सुखडी बशीत काढली, वाटी धुतली, पुसली आणि पेटी उचलून गॅलरीत गेली. गाठ सोडताना तिची बोटं जरा अडखळली. दार लावण्याआधी तिने वळून पाहिलं. "वर्ष झालं. हात बसतोय का बघते," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. प्लग बोर्डात बसल्याचा आवाज आला. मग मशीन सुरू झालं, दातांत झिणझिण्या आणणारा तो घर्रर्र आवाज, समिधाच्या सगळ्या लहानपणभर केबिन रोडला दुकानाबाहेर ऐकू येणारा. काचेतून आईची पाठ दिसत होती, थोडी वाकलेली. समिधाने पडदा ओढला.

तिने फोन घेतला आणि परागला लिहिलं, रविवारी येऊ नकोस, कारण फोनवर सांगते. जर्मनीचं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. ते कळायला बरंच मोजावं लागणार होतं, आणि नीट. तेवढ्यात बेल वाजली. दारात जितेशभाई होते, घामाघूम, हातात मशीन न्यायला आणलेली कापडी पिशवी. ते काही बोलणार तोच आतला आवाज त्यांच्या कानावर गेला. त्यांनी समिधाकडे पाहिलं, मग आतल्या ओढलेल्या पडद्याकडे.

"भाभी बैठी है काम पे?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो," समिधा म्हणाली. "मशीन नहीं देना है, जितेशभाई. सॉरी, आपको चक्कर पड़ा."

"अरे, उसमें क्या." त्यांनी पिशवीची घडी घातली, खिशात कोंबली, आणि जिन्याकडे वळता वळता थांबले. "इस बार पिशवी भेजूँगा तो किसके नाम से भेजूँ, पूछ के रखना." आणि कठड्याला धरत धरत खाली उतरले.

समिधा दार लावून परत आली आणि पडद्याच्या अलीकडे, गॅलरीच्या बंद दाराला पाठ लावून जमिनीवर बसली. दाराच्या लाकडातून मशीनची थरथर तिच्या पाठीत येत होती. एक टिंब आठ. दोन आकडे, मध्ये एक ठिपका. बाबा असते तर अर्ध्या मिनिटात झालं असतं. ठिपके मांडून करायचं तरी दोन मिनिटं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, खिडकीतलं ऊन समोरच्या इमारतीआड गेलं. मशीन चालूच होतं. समिधाने घड्याळाकडे पाहिलं नाही.